चिठ्ठी आत, पेन्सिलीनं

गाळवाले सर कुठल्याही पाण्यापाशी गेले की पहिला प्रश्न एकच विचारायचे, "किती खोल?" विहीर असो, तलाव असो, नाहीतर कुणाच्या अंगणातलं सिमेंटचं टाकं असो. समोरच्यानं "असेल दोन पुरुष" असं मोघम सांगितलं की सरांच्या कपाळाला आठी पडायची. मग सायकलच्या पिशवीतून गाठी मारलेली दोरी निघायची. दोरीच्या टोकाला किराणा दुकानातलं एक किलोचं जुनं लोखंडी वजन आणि वजनाच्या बुडाला थापलेला कपडे धुण्याचा पिवळा साबण. वजन तळाला टेकलं की गाठी मोजायच्या, दोरी वर ओढायची आणि साबणाला काय चिकटलं ते चष्मा कपाळावर चढवून बघायचं. वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा. एका लग्नात सगळे पंगतीला बसले असताना सर मांडवामागच्या विहिरीत दोरी सोडून उभे होते. पाहुण्यांचं काहीतरी विहिरीत पडलं म्हणून नवरीचे काका ताटावरून उठून धावत आले.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक होते, तीही हंगामी, म्हणजे दर जून महिन्यात नोकरी आहे की गेली ते नोटीस बोर्डावर कळायचं. ही नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. माझे अब्बा पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षर हीच आमच्या घरची इस्टेट, आणि ती मला भरपूर मिळाली होती. कॉलेजातल्या कपाटांवरच्या, बरण्यांवरच्या, सांगाड्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेत. त्याचा मला गर्व होता, आणि हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते त्या गर्वापायीच घडलं.

सर मूळचे मार्कंड्याजवळच्या एका खेड्यातले, धिवराच्या घरातले. वैनगंगेत जाळं टाकून त्यांच्या बापानं मुलं वाढवली. गुडघाभर पाण्यात काय मिळतं, कमरेइतक्यात काय आणि डोहाच्या बुडाशी काय, हे बापानं त्यांना शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. झिंगे कडेला, शिंपले वाळूच्या बेटाभोवती, वाम दगडाच्या कपारीत, आणि डोहाच्या तळाशी नुसता काळा गाळ, त्यात हात घातला तर वळवळणारे लाल किडे. "नदी वरून एकच दिसते," सर सांगायचे, "खाली गेलं का मोहल्ले बदलून राह्यते." वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, इंग्रजीही बोलत, पण एखादी गोष्ट खरोखर गळी उतरवायची असली की सरळ गावच्या बोलीवर येत.

समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.च्या सहलीत. बाकीची पोरं लाटांत खेळत होती आणि हे एका कोळ्याच्या होडीपाशी उभं राहून जाळ्यातून निघालेला चिखल चिवडत होते. त्या कोळ्याला त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि त्यानं मोघम नाही, "बारा वाव" असं नेमकं उत्तर दिलं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. खोलीचा नेमका आकडा सांगणारा माणूस आपल्याला त्या दिवशी भेटला, असं सर म्हणत. पुढे पीएच.डी.साठी विषय घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तोच किनारा निवडला: खोलीप्रमाणे समुद्राच्या तळावरची वस्ती कशी बदलते. स्टाफरूममध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या गावाहून समुद्र गाठायला दोन दिवस आणि तीन गाड्या लागतात, तिथे बसून हा माणूस समुद्राच्या बुडाचा चिखल तपासणार होता.

तरी ते जायचे. सुट्टी मिळाली की पत्र्याची पेटी घेऊन निघायचे. तिकडे ठरलेल्या तांडेलाच्या होडीतून चार, आठ, बारा आणि वीस वाव पाण्यात लोखंडी पंजा सोडायचे, त्यानं तळाचा घास तोडून वर आणला की तो चाळणीतून धुवायचा, राहील ते बरणीत भरून त्यात फॉर्मालिन ओतायचं. अशा चाळीस बरण्या, प्रत्येक खोलीच्या दहा, भाताच्या तणसात बसवून पेटी परत यायची. फॉर्मालिनच्या वासानं डब्यातल्या लोकांचे डोळे झोंबायचे. एकदा एका बाईनं पेटीत मढं आहे म्हणून गार्डाला बोलावलं होतं. सरांनी पेटी उघडून तिला किडे दाखवले आणि पुढच्या तीन स्टेशनांत त्यांची माहितीही सांगितली. ती बाई मधल्याच स्टेशनावर दुसऱ्या डब्यात गेली.

त्या बरण्यांसाठी सरांचा एकच नियम होता आणि तो ते नमाजासारखा पाळत: चिठ्ठी आत, पेन्सिलीनं. बरणीवर बाहेरून काहीही चिकटवा, ते सुटतं. शाई उतरते. पण जाड कागदावर पेन्सिलीनं खोली लिहायची आणि तो कागद किड्यांसोबत आतच ठेवायचा, म्हणजे दोघांची ताटातूट होत नाही. होडी हेलकावत असताना, हाताला चिखल लागलेला असताना सर त्या चिठ्ठ्या लिहायचे. कोंबडीच्या पायांसारखं त्यांचं अक्षर पाहून माझा जीव कळवळायचा.

मी समुद्र पाहिला नव्हता. अब्बांनी सहलीला पाठवलं नसतं आणि हंगामी सहायकाला सहलीला नेतो कोण? पण दोन वर्षं त्या बरण्या उपसून, गुलाबी रंगात रंगवलेले जीव चिमट्यानं वेचून मला तो तळ पाठ झाला. चार वावांच्या बरणीत वाळू, जाड कवचाचे शिंपले आणि पटकन बुडी मारणारे लहान खेकडे. आठवर वाळू नरम व्हायची. बारावर अर्धी वाळू, अर्धा चिखल, आणि ठिसूळ हातांचे तारामासे. वीसला नुसता लोण्यासारखा गाळ आणि त्यात नळ्या करून राहणारे केसाळ किडे. असं का होतं ते सरांनी घुग्घुसच्या रस्त्यावरून समजावलं. ट्रक धावतात तिथे नुसती खडी उरते, धूळ जाऊन बसते ती बाजूच्या भिंतीमागे, जिथे हवा हलत नाही तिथे. काठाजवळ लाटा तळ घुसळतात, म्हणून वाळू, म्हणून जाड कवच. खोलवर पाणी शांत, म्हणून गाळ, म्हणून गाळ खाऊन जगणारे. मग म्हणायचे, "पण हे आपलं म्हणणं झालं. मोजून दाखवू तेव्हा खरं."

मोजून दाखवायला त्यांच्याकडे वेळ थोडाच उरला होता. नेमणूक तात्पुरती होती. नवीन नियम आला होता की मार्चअखेरपर्यंत प्रबंध दाखल केला नाही तर पुढच्या सत्रापासून जागा रिकामी समजण्यात येईल. तीन मोसमांपैकी उन्हाळा आणि हिवाळा मोजून झाले होते. राहिला होता पावसाळ्यानंतरचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच, कारण पावसात खाड्यांमधून गाळ येतो तेव्हा तळावर काय होतं हाच तर प्रश्न होता. ऑक्टोबरात सर गेले, बरण्या घेऊन आले. त्या चाळीस बरण्यांवर त्यांची नोकरी, चौदा वर्षांचं शिकवणं आणि घरचे चार जीव उभे होते. हे मला माहीत होतं, तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

डिसेंबरात प्राचार्यांनी वासाची तक्रार केली. फॉर्मालिन काढून बरण्या स्पिरिटमध्ये बदलायच्या ठरल्या. तसंही ते करायचंच होतं. नेमकी तेव्हाच सरांना हिवाळी परीक्षेची ड्यूटी आली, गोंडपिपरीला, दोन आठवडे. जाताना त्यांनी बरण्यांची रांग दाखवली आणि म्हणाले, "एक एक बरणी घे. बाहेरचं धुऊन टाक, आतलं जपजो." मी मान डोलावली.

मी एक एकच बरणी घेतली. बाहेरच्या चिठ्ठ्या पाण्यात भिजून सुटल्या, त्या फेकल्या, नंतर नव्या लावणार होते. आतली चिठ्ठी बाहेर काढली की तीच ती चिखलानं बरबटलेली, कोपरा फाटलेली, कोंबडीचे पाय उमटलेली. जानेवारीत सरांचे मार्गदर्शक नागपूरहून बरण्या बघायला येणार होते. मला वाटलं, असं घाणेरडं काम त्यांच्यासमोर ठेवायचं? मी पांढऱ्या कार्डाच्या पट्ट्या कापल्या. अब्बांच्या पाट्यांवर असायचं तसं वळणदार अक्षर काढलं, काळ्या बॉलपेननं, कारण पेन्सिल फिकट दिसत होती. जुनी चिठ्ठी टाकून नवी आत घातली, वर स्पिरिट ओतलं आणि झाकण लावलं. चाळीसच्या चाळीस बरण्या. शेवटची लावून मी मागे सरून पाहिलं तेव्हा ती रांग एखाद्या मोठ्या शहरातल्या म्युझियमसारखी दिसत होती. घरी जाऊन अब्बांना सांगितलंसुद्धा.

चौथ्या दिवशी बाहेरच्या चिठ्ठ्या लावायला म्हणून पहिली बरणी उचलली. आतली पट्टी कोरी होती. स्पिरिटला किंचित निळसर झाक होती, बस. दुसरी उचलली, तीही कोरी. बॉलपेनची शाई पाण्यात टिकते, फॉर्मालिनमध्येही तग धरते, स्पिरिटमध्ये विरघळून जाते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला माहीत असायला हवं होतं. इंजेक्शनच्या आधी कापसानं हातावरची शाई पुसताना मी शंभरदा पाहिलं होतं. मी चाळीस बरण्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या. एकाही पट्टीवर रेघ नव्हती. रांगेतली जागा लक्षात असती तरी काही झालं असतं, पण धुताना मी बरण्या टेबलभर पसरल्या होत्या आणि नंतर उंचीप्रमाणे लावल्या होत्या, छान दिसाव्यात म्हणून. जुन्या चिठ्ठ्या शोधायला कचऱ्याच्या ड्रमपाशी गेले. शिपायानं तो आदल्या दिवशीच जाळला होता.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेची आतून कडी लावली आणि जमिनीवर बसून राहिले. सर यायला आठ दिवस होते. सांगावं तर त्यांची नोकरी गेली. न सांगावं तर कोऱ्या पट्ट्या समोरच होत्या. मग डोक्यात ते आलं. मला तळ पाठ होता. बरणी उजेडात धरून मी डोळ्यांनी सांगू शकत होते, ही चारची, ही वीसची. बरण्या बोलतच होत्या, नुसतं लिहून घ्यायचं होतं. मी उठले आणि पेन्सिल शोधली.

तीन दिवस लागले. चारचे आणि वीसचे ढीग पटापट झाले, आठ-बाराला त्रास झाला, पण झाले. फक्त मोजणी जुळेना. वीसच्या ढिगात अकरा आल्या आणि चारमध्ये नऊ. मी वीसमधली जरा कमी गाळाची एक बारामध्ये सरकवली, बारामधली एक आठमध्ये, आठमधली एक चारमध्ये. झाल्या दहा-दहा. नव्या चिठ्ठ्या लिहिताना मी अक्षरही बिघडवलं, सरांसारखी कोंबडी नाचवली, आणि कागद चहाच्या पाण्यात बुचकळून काढले. इतकी लबाडी आपल्याला सुचते हे मला तेव्हाच कळलं. घरी अम्मीनं विचारलं, जेवत का नाही. मी म्हटलं, वासानं भूक मरते.

सर आले. बरण्या पाहून खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्याच दिवशी मोजणीला बसले. चारपासून सुरुवात केली. रोज चार-पाच बरण्या. ते भिंगातून बघून नाव सांगायचे, मी तक्त्यात लिहायची. प्रत्येक बरणीची चिठ्ठी ते आधी चिमट्यानं बाहेर काढून मोठ्यानं वाचायचे, "चार वाव," आणि मी खाली मान घालून तो आकडा उतरवायची. चार संपली. आठ संपली. बारामध्ये एका बरणीवर ते थोडे थांबले, "गाळ जास्त आहे वाटते," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. मी मनात म्हणत होते, अजून दहा, मग संपलं, मग कुणालाच कधी कळणार नाही. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की आता कळावं आणि एकदाचं सुटावं. वीसच्या बरण्या सुरू झाल्या त्या दिवशी माझ्या हातून दोनदा पेन पडलं. "थंडी वाजून राह्यली का, नसीम?" सरांनी विचारलं. मी हो म्हटलं.

वीसची सहावी बरणी त्यांनी पांढऱ्या ताटलीत ओतली. गाळ, नळ्या, केसाळ किडे, सगळं जसं हवं तसं. चिमटा त्यातून फिरत फिरत एका जागी थांबला आणि त्यानं एक तुकडा उचलून कडेला ठेवला. हिरव्या बांगडीचा तुकडा, नखाएवढा. तो मी आधीही पाहिला होता आणि कचरा समजून आत राहू दिला होता. सर उठले, पिशवीतून होडीवरची वही काढली, पंजात काही वेगळं आलं की ते टिपून ठेवायची, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. ते वही माझ्यासमोर सरकवतील असं वाटलं, पण त्यांनी ती मिटली.

"हा डबा किती वावांचा?"

"वीस, सर."

"कोण म्हणते?"

"चिठ्ठी म्हणते."

"अन् चिठ्ठीले कोणं सांगितलं?"

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं. पट्ट्या, बॉलपेन, स्पिरिट, जाळलेला ड्रम, दहा-दहा जुळवणं, चहाचं पाणी, सगळं. सांगताना रडू आलं नाही याचंच मला नवल वाटलं. सर ऐकत होते आणि चिमट्यानं तो हिरवा तुकडा ताटलीच्या कडेनं इकडून तिकडे सरकवत होते. माझं संपल्यावर त्यांनी वही उघडून वाचून दाखवली: चार वाव, खाडीचं तोंड, गाळच गाळ, हिरव्या बांगडीचा तुकडा. पाणी उथळ होतं, पण खाडीतून आलेला गाळ तिथे साचला होता आणि त्यात वीस वावांचे किडे येऊन राहिले होते. पावसाळ्यानंतर तळाचं काय होतं या प्रश्नाचं उत्तर त्या एका बरणीत होतं. तीच बरणी मी वीसच्या ढिगात घालून सरळ करून ठेवली होती.

मी हात जोडले. म्हटलं, ही एक सापडली आहे, आता हिची चिठ्ठी बदलू, मी सरकवलेल्या तिन्ही जागच्या जागी नेऊ, बाकीच्या बरोबरच असतील, मला तळ येतो, तुम्हीच शिकवला आहे. मार्गदर्शकांना काय कळणार? कुणालाच काय कळणार?

"बाकीच्या बरोबर असतील," सर म्हणाले. "तुले येते, मले मालूम आहे. माझ्याहून बरं येत असन. पण किडे पाहून तू खोली लिहिली. आता त्याच खोलीवरून मी किड्यायचं सांगणार. अवो बाई, मंग समुद्रात कायले गेलो होतो मी? इथीच बसून लिहिलं असतं."

मी म्हटलं, सर, नोकरी.

त्यांनी ताटलीतला गाळ हलकेच बरणीत परत ओतला. मग जे बोलले ते त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. "बापानं मले डोहात शिकवलं. तो सांगे, जिथं दोरी सोडली नाई तिथं पाय टाकू नको. एवढंच येते मले. त्याच्यावर पोट भरते का नाई, ते आता पाहू."

त्यांनी मला जाड कागद आणि पेन्सिल आणायला सांगितली. एकूण चाळीस चिठ्ठ्या मी त्यांच्यासमोर लिहिल्या, माझ्या चांगल्या अक्षरात. अक्षर बिघडवू नको असं त्यांनी बजावलं. बाकीच्यांची अशी खूण वहीत नव्हती, म्हणून एकोणचाळीस चिठ्ठ्यांवर लिहिलं, "खोली माहीत नाही." एकीवर लिहिलं, "चार वाव, खाडीचे तोंड." ती बरणी सरांनी आपल्या पिशवीत ठेवली. बाकीच्या कपाटात गेल्या आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच होत्या. परीक्षेला बाहेरून येणारे लोक त्या चिठ्ठ्या वाचून हसत.

सरांनी बरण्यांचं काय झालं ते कळवून प्राचार्यांकडे मुदतवाढीसाठी अर्ज केला. मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. दोन्हीकडून नकार आला. मी रोज वाट बघत होते की प्राचार्य मला बोलावतील. त्यांनी एकदाच बोलावलं, यापुढे स्पिरिट बेतानं वापरा म्हणाले आणि फाइल मिटली. मला वाटलं, वाचले. सरांनी काय लिहिलं असेल हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायची इच्छाही नव्हती. जूनमध्ये नोटीस बोर्डावर माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं.

ते गेले तेव्हा एस.टी. स्टँडवर आम्ही तीन-चार जणच होतो. ज्यांनी स्टाफरूममध्ये हसून डोळे पुसले होते त्यांतलं कुणी आलं नाही. सामान म्हणजे पुस्तकांची दोन पोती आणि तीच पत्र्याची पेटी. गाडीच्या टपावर चढवताना सर हमालाला सांगत होते, उलटी नको ठेवू बाबा, आत समुद्र आहे. तो हमाल त्यांच्याकडे बघतच राहिला. मी माफी मागायचं ठरवून आले होते, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, की पत्र लिहा. "लिहीन. पेन्सिलीनं," ते म्हणाले. मला तेव्हा हसू आलं नाही.

गावी त्यांनी वैनगंगेवरच पोट भरलं. धिवरांच्या सोसायटीचं कामकाज बघायचे, कुठल्या डोहात माशांचं बीज सोडायचं ते सांगायचे, शिकवण्या घ्यायचे. दोन वर्षांनी महाशिवरात्रीच्या आधी त्यांचा निरोप आला, मार्कंड्याच्या यात्रेला ये, ब्रश घेऊन ये. मी अब्बांचे ब्रश आणि लाल रंगाचा डबा घेऊन गेले. सर नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे होते. यात्रेकरू आंघोळीला उतरतात तिथे दरवर्षी कुणीतरी डोहात जायचं, म्हणून ते आठ दिवसांपासून दोरी आणि वजन घेऊन काठ मोजत होते आणि बांबू रोवत होते. मी पाट्या लिहायच्या होत्या: इथून पुढे खोल पाणी. मी रंगवायला घेतलं तेव्हा एक पाटी नुसत्या अंदाजानं वरच्या अंगाला लावू म्हणून कुणीतरी सुचवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी ब्रश खाली ठेवला, ते जाऊन मोजून आले, मग मी लिहिलं. त्या वर्षी यात्रेत कुणी बुडालं नाही. परतताना मी त्यांना विचारायचा प्रयत्न केला, तुम्हाला माझा राग येत नाही का? त्यांनी मला प्रसादाचा नारळ दिला आणि घरी अम्मी कशी आहे म्हणून विचारलं.

त्यानंतर मी लॅबचा कोर्स करून एका दवाखान्यात लागले. आता रक्ताच्या नळ्या, थुंकीच्या डब्या. सकाळपासून एकच पेशंट आलेला असतो, डबीवर नाव नसतं, सगळे म्हणतात, अहो बाई, त्याचीच असणार, दुसऱ्या कुणाची असेल? मी ती टाकून देते आणि माणसाला परत बोलावते. दहा-दहा कोस जंगलातून चालत आलेली माणसं माझ्या नावानं बोटं मोडतात. मला वाईट वाटतं, तरी मी टाकून देते.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, आम्ही वहिनी म्हणायचो त्यांनी, कापडात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात ठेवलं. "हे तुले द्यायचं म्हणून सांगून ठेवलं होतं त्यायनं," त्या म्हणाल्या. आत ती बरणी होती. स्पिरिट उडून निम्मं झालं होतं, पण गाळावर टेकलेली माझी चिठ्ठी स्वच्छ वाचता येत होती, आणि हिरवा तुकडाही होता. सोबत होडीवरची वही.

वहीच्या शेवटच्या पानांत त्यांनी प्राचार्यांना दिलेल्या पत्राची नक्कल ठेवली होती, त्याच कोंबडीच्या अक्षरात. परीक्षेच्या ड्यूटीला निघण्याआधी बरण्या स्पिरिटमध्ये बदलताना, त्यात लिहिलं होतं, चिठ्ठ्या माझ्या हातून नष्ट झाल्या. प्रयोगशाळा सहायक त्या वेळी हजर नव्हत्या. मी ते वहिनींच्या ओसरीवर बसून तीनदा वाचलं. ज्या माणसानं नोकरी गेली तरी चाळीस बरण्यांत एक खोटा आकडा राहू दिला नाही, त्यानं आयुष्यात एकच खोटी चिठ्ठी लिहिली होती, आणि तिच्या जोरावर मी माझ्या घरात चूल पेटती ठेवली होती. मला मोठ्यानं रडू आलं. वहिनी पाणी आणायला आत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पेन्सिल मागितली. कोनाड्यात सरांचीच एक होती, दातांनी चावलेली. मी वही मांडीवर घेतली आणि त्या दोन ओळींखाली, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: चिठ्ठ्या नसीमच्या हातून गेल्या. ती हजर होती.